राष्ट्राध्यक्षांच्या खेळांवर प्रश्नमंजूषा घ्यायची आहे? मग हे आधी वाचा

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. अमेरिकेतली मराठी मंडळं ते हॉल मिळेपर्यंत चालवतात. आमच्या मंडळाला हॉल मिळाला तो प्रेसिडेंट्स डेच्या जोडसुट्टीत, म्हणजे फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारच्या आदल्या शनिवारी. हळदीकुंकू, तिळगूळ, वडे आणि ‘मुलांसाठी पण काहीतरी हवं ना’ म्हणून अर्ध्या तासाची प्रश्नमंजूषा. विषय ठरला राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे खेळ. जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले होते.

पहिलाच प्रश्न मी असा टाकला: “कोणते राष्ट्राध्यक्ष कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळले?” पाच संघ, पाच उत्तरं. आयसेनहॉवर, निक्सन, फोर्ड, रेगन, केनेडी. माझ्या कागदावर एकच नाव होतं, फोर्ड. बाकीच्या चौघांनी खिशातून फोन काढले आणि पाचही उत्तरं बरोबर निघाली. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते मी सांगत नाही. वडे लवकर वाढायला घेतले, एवढंच.

त्यानंतर ही फेरी मी पाच वेळा घेतली आहे. खाली जे लिहिते आहे ते तुमच्यापैकी ज्यांच्या गळ्यात ही माळ पहिल्यांदाच पडली आहे त्यांच्यासाठी. माहिती शोधणं सोपं आहे. अडचण अशी, की या विषयावर सांगोवांगीच्या गोष्टींचा इतका मोठा ढीग आहे की त्यातून खरं निवडायलाच जास्त वेळ जातो.

हाताशी काय काय हवं

- एक वही, तीन रकाने आखलेली: प्रश्न, उत्तर, आणि ‘हे कुठून कळलं’. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो प्रश्न घ्यायचा नाही. हा नियम मी स्वतःसाठी केला आणि एकदाच मोडला. त्याची गोष्ट तिसऱ्या पायरीत आहे.
- राष्ट्राध्यक्षांची क्रमवार यादी, कारकिर्दीच्या वर्षांसह. छापून घ्या. फोनवर शोधत बसलात की सभागृह हातातून जातं.
- एखादी घंटा. बझर नसला तर देवघरातली चालते, फक्त घरी विचारून आणा.
- सेकंद मोजायला घड्याळ, गुण लिहायला फळा आणि अक्षर चांगलं असलेला एक माणूस.
- एक पंच, जो कुठल्याच संघातल्या कुणाचा नवरा, बायको, भाऊ किंवा व्याही नाही. हे साहित्य मिळवणं सगळ्यात अवघड.

१. आधी शब्द पक्के करा

मराठीत भारताचे राष्ट्रपती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. एकदा ‘राष्ट्रपती’ म्हणून गेलात की पहिल्या रांगेतले काका कलामांवर सुरू होतात.

‘फुटबॉल’ हा शब्द नुसता वापरू नका. आपल्याकडून नुकत्याच आलेल्या आजी-आजोबांना पायाने खेळायचा फुटबॉल आठवतो आणि इथे जन्मलेल्या नातवाला लांबुळका चेंडू. प्रत्येक वेळी ‘अमेरिकन फुटबॉल’ म्हणा.

बेसबॉलमध्ये राष्ट्राध्यक्ष ‘पहिला चेंडू’ टाकतात, तो आपल्या पहिल्या ओव्हरचा पहिला चेंडू नव्हे. तो कुणी फटकावत नाही, त्यावर धाव नाही, बळी नाही. तो नारळ फोडण्याचा प्रकार आहे. मी ‘उद्घाटनाचा चेंडू’ म्हणते, लगेच कळतं. ही प्रथा राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत टाफ्ट यांच्यापासून, १४ एप्रिल १९१० ला वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. याच प्रथेत ट्रूमन यांनी १९५० साली एक चेंडू उजव्या हाताने आणि एक डाव्या हाताने टाकला. मुलांना हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर सांगताना हात हलवून दाखवता येतात.

आणि ‘कितवे राष्ट्राध्यक्ष’ हा प्रश्न शक्यतो टाळा. ग्रोव्हर क्लीव्हलंड बाविसावेही आणि चोविसावेही. ट्रम्प पंचेचाळिसावेही आणि सत्तेचाळिसावेही. त्यामुळे क्रमांक आणि माणसं यांचा हिशेब जुळत नाही. तिथे वाद झाला तर तो ‘क्रमांक’ शब्दावर होतो, खेळावर नाही, आणि मग मिटत नाही.

२. सुरुवात क्रिकेटपासून करा

पहिले दोन प्रश्न असे हवेत की ज्यांना बेसबॉलचा ब माहीत नाही तेही मान वर करतील. मराठी माणसाला क्रिकेट पुरतं. आणि राष्ट्राध्यक्षांच्या इतिहासात क्रिकेट आहे, अगदी पहिल्यापासून आहे.

४ मे १७७८. स्वातंत्र्ययुद्ध चालू आहे, सैन्याची छावणी पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला. जॉर्ज यूइंग नावाच्या एका सैनिकाने त्या दिवशी रोजनिशीत लिहून ठेवलं की सेनापती वॉशिंग्टन जेवणानंतर आले आणि आमच्याबरोबर ‘विकेट’ खेळले. विकेट हा क्रिकेटचा चुलत भाऊ. यष्ट्या बुटक्या पण लांबच लांब, चेंडू जमिनीलगत घरंगळत टाकायचा. सापळा इथेच आहे. ‘वॉशिंग्टन क्रिकेट खेळायचे’ असा मथळा तुम्हाला दहा ठिकाणी दिसेल. खेळायचे नाही, एकदा खेळल्याची नोंद आहे. क्रिकेट नाही, विकेट. प्रश्न विचाराल तेव्हा ‘क्रिकेटसारखा कोणता खेळ’ असाच विचारा.

दुसरा माझा सगळ्यात लाडका. १७८९ साली नव्या देशाच्या प्रमुखाला काय म्हणायचं यावर सिनेटमध्ये खल चालू होता. ‘प्रेसिडेंट’ हे नाव जॉन अ‍ॅडम्स यांना फारच साधं वाटत होतं. त्यांचं म्हणणं असं, की प्रेसिडेंट तर आगीच्या बंबवाल्यांचे असतात, क्रिकेट क्लबाचेही असतात! म्हणजे क्रिकेट क्लबाचा अध्यक्ष त्या काळी इतका नेहमीचा होता की देशाच्या प्रमुखाला तो हुद्दा कमी पडेल असं वाटावं. (आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना हा प्रश्न खास विचारला होता. उत्तर आलं नाही, पण हसले.)

तिसरा सोपा. धाकटे बुश मार्च २००६ मध्ये भारताचा दौरा आटपून पाकिस्तानात गेले, तेव्हा इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात त्यांनी बॅट हातात घेतली. पाकिस्तानचा कर्णधार इंझमाम-उल-हक तिथे होता. चौथा त्याहून सोपा. फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादच्या मोटेरा मैदानावरच्या भाषणात ट्रम्प यांनी कोणत्या दोन भारतीय क्रिकेटपटूंची नावं घेतली? तेंडुलकर आणि कोहली. सचिनचा ‘सूचिन’ झाला होता, तो उच्चार करून दाखवा. हशा हमखास.

इथे एखादं पोर विचारणारच की अमेरिका क्रिकेट खेळते का. ६ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं आणि ती ओव्हर आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रवलकरने टाकली, एवढं सांगा आणि पुढे चला. थांबलात तर फेरी तिथेच संपते.

३. लिंकन आणि कुस्ती: हात जपून

एकदा नियम मोडला म्हटलं, तो इथे. मी विचारलं: “लिंकन तीनशे कुस्त्या लढले. त्यातल्या किती हरले?” उत्तर ‘एक’. वहीतला तिसरा रकाना रिकामा होता, पण सगळीकडे तेच लिहिलेलं होतं.

शेवटच्या रांगेत कोल्हापूरकडचे एक काका बसले होते, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, “वहिनी, तीनशे कुस्त्या मोजल्या कुणी? आमच्याकडं दंगलीला पाटलाचा माणूस पाटी-पेन्सिल घेऊन बसतोय, तरी आकडा लागत नाही.” घरी येऊन शोधलं. तीनशे या आकड्याला त्या काळातला कसलाही आधार नाही. पुढच्या लोकांनी एकमेकांचं बघून लिहिलेला तो आकडा आहे.

मग पक्कं काय? १८३१ साली लिंकन इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावात दुकानावर कामाला आले. शेजारच्या क्लेरीज ग्रोव्हमधल्या टोळक्याचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग. सहा फूट चार इंचांचा हा नवा पोऱ्या कसा आहे ते बघू म्हणून कुस्ती लागली. निकाल काय लागला यावर बघणाऱ्यांचं तेव्हाही एकमत नव्हतं. कुणी म्हणतं लिंकननी पाडलं, कुणी म्हणतं आर्मस्ट्राँगने डावात खोट केली, कुणी म्हणतं बरोबरीत सुटली. म्हणून ‘कोण जिंकलं’ हे विचारायचं नाही. विचारायचं ते हे, की पुढे काय झालं. दोघांची दोस्ती झाली ती कायमची, आणि १८५८ मध्ये त्याच आर्मस्ट्राँगच्या मुलावर खुनाचा खटला आला तेव्हा त्याचं वकीलपत्र लिंकननी फुकट घेतलं आणि त्याला सोडवलं. हरल्याची गोष्टही आहे. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात, सैनिकांच्या छावणीत, थॉम्पसन नावाच्या गड्याने त्यांना पाडलं. ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर इथल्या राष्ट्रीय कुस्ती हॉल ऑफ फेमने १९९२ साली लिंकन यांचा गौरव केला, हे मात्र निःशंक विचारा.

आता दर वर्षी त्या काकांनाच पंच करते.

४. ‘खेळाडू’ या शब्दाचे खाने पाडा

मी पहिल्या वेळी केलेल्या घोटाळ्याचं मूळ इथे होतं. राष्ट्राध्यक्षाचा खेळाशी संबंध पाच-सहा तऱ्हांचा असतो: स्वतः मैदानात खेळलेला, शिकवणारा, समालोचन करणारा, संघाचा मालक, नियम बदलायला लावणारा, आणि पडद्यावर खेळाडू झालेला. प्रत्येक माहिती वहीत लिहिताना बाजूला खाना लिहा. मग प्रश्न आपोआप नेमका होतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रेगन, कारण ते एकटेच चार खान्यांत बसतात. इलिनॉयमधल्या डिक्सन गावी रॉक नदीवर सात उन्हाळे त्यांनी जीवरक्षकाचं काम केलं. ७७ जणांना वाचवलं असं सांगतात, आणि तो आकडा एका ओंडक्यावर कोरलेल्या खुणांवरचा. युरेका कॉलेजात ते अमेरिकन फुटबॉल खेळले. मग आयोवातल्या रेडिओवर क्रीडा समालोचक झाले, आणि ही गंमत आजी-आजोबांना जरूर सांगा. शिकागोतल्या बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन ते शेकडो मैल दूर स्टुडिओत बसून करायचे. तारेवर ‘झेल गेला’ किंवा ‘चेंडू बाहेर’ एवढंच तुटक यायचं, बाकी ऊन, वारा, प्रेक्षकांचा गलका सगळा यांच्या मनातला. एकदा तार मध्येच बंद पडली. सामना थांबला असं सांगायची सोय नव्हती, म्हणून तार परत सुरू होईपर्यंत त्यांनी फलंदाजाला एकामागून एक चेंडू नुसतेच बाजूच्या ‘फाउल’ रेषेबाहेर तडकावायला लावले. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ज्यांनी रेडिओला कान लावून ऐकलंय त्यांना यातली मजा बरोबर कळते.

चौथा खाना पडद्यावरचा. १९४० च्या एका चित्रपटात ते जॉर्ज गिप नावाच्या खऱ्या फुटबॉलपटूच्या भूमिकेत होते, आणि ‘गिपर’ हे टोपणनाव त्यांना जन्मभर चिकटलं. लोक सर्रास सांगतात की रेगन कॉलेजात ‘गिपर’ म्हणून प्रसिद्ध होते. नव्हते. आणि १९५२ मध्ये ते ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर या बेसबॉलच्या गोलंदाजाच्या भूमिकेत दिसले. आता या नावाकडे नीट बघा. राष्ट्राध्यक्षाच्या नावावरून ज्याचं नाव ठेवलं त्या खेळाडूची भूमिका पुढे राष्ट्राध्यक्ष होणाऱ्याने केली. शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवावा असा प्रश्न.

नियम बदलायला लावणाऱ्यांच्या खान्यात थिओडोर रूझवेल्ट. १९०५ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमध्ये १८ जणांचा जीव गेल्याची मोजदाद एका वर्तमानपत्राने छापली होती. त्या ऑक्टोबरमध्ये रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, आणि जी संघटना उभी राहिली तीच १९१० पासून एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना. हेच रूझवेल्ट स्वतः मुष्टियुद्ध खेळत. राष्ट्राध्यक्ष असताना एका तरुण लष्करी अधिकाऱ्याचा ठोसा बसून त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि ही गोष्ट त्यांनी कितीतरी वर्षं गुप्त ठेवली. जपानी शिक्षक यामाशिता यांच्याकडून व्हाइट हाउसमध्ये ज्युदोही शिकले. एवढं एका माणसाचं पुरे. त्यांच्यावर प्रश्न काढत बसलात तर दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही.

५. एक माणूस सविस्तर घ्या. माझं मत: फोर्ड

सगळे प्रश्न सुटेसुटे ठेवले की फेरी भेळेसारखी होते, खाल्ली आणि विसरली. म्हणून एका राष्ट्राध्यक्षावर सलग चार प्रश्न ठेवा, सोप्याकडून अवघडाकडे.

जेराल्ड फोर्ड यासाठी अगदी फिट बसतात. पहिला प्रश्न: १९७५ साली साल्झबर्गला विमानाच्या जिन्यावरून पावसात घसरून पडलेले राष्ट्राध्यक्ष कोण? ते चित्र जगभर दिसलं, दूरदर्शनवरच्या विनोदवीराने दर आठवड्याला त्यांची धडपडण्याची नक्कल सुरू केली, गोल्फ खेळताना त्यांचा चेंडू प्रेक्षकांना लागला की पुन्हा हसू. धांदरट म्हणून शिक्का बसला तो बसलाच.

दुसरा प्रश्न लगेच: मग हा धांदरट माणूस कॉलेजात काय होता? मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात ‘सेंटर’, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा. १९३२ आणि १९३३ मध्ये तो संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता होता. १९३४ मध्ये संघ साफ कोसळला, आठातले सात सामने हरला, आणि त्या वर्षीचा संघाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरले फोर्ड. ग्रीन बे पॅकर्स आणि डेट्रॉइट लायन्स या दोन्ही व्यावसायिक संघांनी बोलावणं धाडलं. ते गेले नाहीत. येलला जाऊन मुष्टियुद्ध आणि फुटबॉल शिकवायची नोकरी धरली आणि पुढे तिथेच कायद्याचं शिक्षण पुरं केलं. जर्सीचा क्रमांक ४८, मिशिगनने तो १९९४ मध्ये निवृत्त केला. क्रीडापटू म्हणून तोलायचं झालं तर माझ्या मते राष्ट्राध्यक्षांमध्ये पहिला नंबर यांचाच, आणि धडपड्या म्हणून टवाळी झाली तीही यांचीच.

तिसरा प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली घ्या. त्या पडत्या हंगामात मिशिगनने जिंकलेला एकमेव सामना कोणता? २० ऑक्टोबर १९३४, जॉर्जिया टेकविरुद्ध, ९-२. जॉर्जिया टेकची अट होती की विलिस वॉर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरता कामा नये, आणि मिशिगनने ती मान्य केली. वॉर्ड आणि फोर्ड मित्र. वॉर्ड बाहेर तर मीही नाही असं फोर्ड यांनी मनाशी घेतलं होतं, आणि तू खेळ म्हणून वॉर्डनीच त्यांची समजूत घातली असं सांगतात. पासष्ट वर्षांनी, १९९९ साली, फोर्ड यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला त्यात या सामन्याची आठवण होती.

चौथा प्रश्न मी अजून ठेवलेला नाही. तिसऱ्यानंतर दोन वर्षं सलग असं झालं, की मुलं आईबापांना वॉर्डबद्दल विचारत राहिली आणि घंटा वाजवायला मलाच जिवावर आलं.

६. व्हाइट हाउसचं अंगण

चित्रांची फेरी घ्यायची असेल तर माणसांपेक्षा जागा बऱ्या. फोटोत चेहरा दिसला की उत्तर कळलंच.

पत्रकार परिषदेच्या खोलीचा फोटो दाखवा आणि विचारा, पत्रकारांच्या पायाखाली काय आहे? पोहण्याचा तलाव. पोलिओमुळे पाय अधू झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टना पोहण्याचा व्यायाम लागायचा, म्हणून १९३३ मध्ये तो बांधला. १९७० मध्ये निक्सन यांनी वरून जमीन घालून पत्रकारांची सोय केली. टाकी अजून खाली आहे.

हूवर यांच्या नावाचा खेळही घ्या, ‘हूवरबॉल’. राष्ट्राध्यक्षांचं वजन आटोक्यात राहावं म्हणून त्यांचे डॉक्टर जोएल बून यांनी काढलेला. आठ फूट उंचीची जाळी, जड मेडिसिन बॉल, गुण टेनिससारखे. सकाळी सकाळी हिरवळीवर मंत्री आणि न्यायाधीश धापा टाकत तो चेंडू झेलायचे. ओबामांनी टेनिस कोर्टावर बास्केटबॉलची सोय करून घेतली, आणि २०१० मध्ये एका सामन्यात दुसऱ्याचं कोपर लागून ओठाला १२ टाके पडले. आयसेनहॉवर यांनी गोल्फसाठी हिरवळ करून घेतली. बाकी जागा तुम्हाला सापडतील.

७. चाळणी लावा

माहिती कुठे तपासायची? हूवर यांच्यापासून पुढच्या राष्ट्राध्यक्षांची ग्रंथालयं राष्ट्रीय अभिलेखागार चालवतं. त्यांच्या संकेतस्थळांवर फोटो, पत्रं, रोजच्या भेटीगाठींच्या नोंदी फुकट बघता येतात. कॉलेजचा खेळ असेल तर त्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या नोंदी. ‘१० मजेदार गोष्टी’ छापाच्या याद्या फक्त प्रश्न सुचण्यासाठी वाचा, उत्तरासाठी नाही.

तीन गोष्टी तर वहीत घेऊच नका. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स पहाटे पोटोमॅक नदीत उघड्याने पोहायचे हे खरं. पण एक बाई त्यांच्या कपड्यांवर बसून राहिली आणि मुलाखत दिल्याशिवाय उठली नाही, ही नंतर रचलेली कथा. बेसबॉलमध्ये सातव्या डावात प्रेक्षक उठून आळोखेपिळोखे देतात, ती प्रथा अगडबंब टाफ्ट यांच्यामुळे पडली असं सांगतात. टाफ्ट अकरा-बारा वर्षांचे असताना, १८६९ च्याच एका पत्रात तिचं वर्णन आहे. आणि आयसेनहॉवर खोट्या नावाने पैसे घेऊन बेसबॉल खेळले ही कुजबुज आहे, तिचा निकाल लावणं आपलं काम नव्हे.

आयसेनहॉवर यांच्यासाठी खरी गोष्टच इतकी भारी आहे की कुजबुजीची गरज नाही. ९ नोव्हेंबर १९१२ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ते जिम थॉर्पविरुद्ध अमेरिकन फुटबॉल खेळले. तोच थॉर्प, ज्याने त्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली होती. थॉर्पच्या कार्लाइल संघाने लष्कराला २७-६ असं धुतलं. पुढच्याच सामन्यात आयसेनहॉवर यांचा गुडघा गेला आणि फुटबॉल संपला.

८. प्रश्न असा लिहा की अंदाज बांधता येईल

‘थोरले बुश कोणत्या विद्यापीठाचे बेसबॉल कर्णधार होते?’ हा वाईट प्रश्न. माहीत असेल तर आलं, नाहीतर गप्प.

तोच असा करा: “१९४८ सालचा फोटो. विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा तरुण कर्णधार एका थकलेल्या, आजारी दिसणाऱ्या माणसाकडून कागदांचं बाड घेतो आहे. तो माणूस बेसबॉलचा सर्वांत मोठा फलंदाज, अडीच महिन्यांत वारला. कर्णधार चाळीस वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला. दोघं कोण?” आता नातू बेब रूथ सांगतो, आजोबा १९४८ मध्ये चाळीस मिळवून थोरल्या बुशपर्यंत येतात, आणि गुण दोघांच्या नावावर लागतो. एका प्रश्नात निदान दोन पिढ्यांना दार उघडं हवं. आजोबा-नातू एकाच संघात बसवा, वेगळे नकोत.

एकूण पंधरा प्रश्न पुरतात. मी एकदा तीस नेले होते. वडे गार झाले.

९. प्रत्यक्ष दिवशी

पंचाचा निकाल शेवटचा, हे सुरुवातीलाच माइकवरून सांगा. फोन टोपलीत जमा. चालू राजकारणावर प्रश्न नको, मागच्या दोन-तीन निवडणुकांतली नावं फक्त खेळापुरती घ्या आणि लगेच पुढे जा. टाळ्यांबरोबर घोषणा सुरू झाल्या की हळदीकुंकवाला आलेल्या बायका चपला शोधायला लागतात. माइक संघांच्या हातात देऊ नका, तुम्ही स्वतः न्या.

आणि बरोबरी सुटण्यासाठी एक आकड्याचा प्रश्न ठेवा, ज्याचा अंदाज सर्वांत जवळ तो जिंकला. माझा ठरलेला आहे: “धाकटे बुश राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, जानेवारी १९९३ मध्ये ह्यूस्टनची मॅरेथॉन धावले. किती वेळात?” उत्तर ३ तास ४४ मिनिटं ५२ सेकंद. गेल्या वर्षी दोन संघ बरोबरीत होते. एकाने कागदावर पाच तास लिहिले. दुसऱ्या संघात बडोद्याहून लेकाकडे आलेल्या एक आजी होत्या, त्यांनी पेन मागून घेतलं आणि लिहिलं, ‘पावणेचार’. आठ सेकंदांचा फरक. कसं ओळखलंत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “आमचा धाकटा पण धावतो की दर वर्षी. त्याला तेवढाच वेळ लागतो, मी डबा घेऊन उभी असते ना शेवटाला.”